धरेल शे

माझ्या पिठाच्या गिरणीला लागून एक पत्र्याचा शेड आहे. त्यात माणूस एकच राहायचा, पण आवाज दोघांचे यायचे.

गिरणी चालू असताना मला माझ्या सासूबाईंचंही ऐकू येत नाही, आणि खरं सांगू का, गिरणीचा तो मोठाच फायदा आहे. पण दुपारची वीज गेली, पट्टा थांबला, की आमच्या सातपूरच्या गल्लीत एकदम सामसूम व्हायची. मग भिंतीपलीकडून जाडा, घोगरा आवाज यायचा, "धरलं का?" जरा वेळाने दुसरा आवाज, बारीक, नाकातला, "धरेल शे!" मग परत जाडा, "सोडतो रे!" आणि मग साखळीची खडखड.

"धरेल शे" म्हणजे "धरलंय". ही अहिराणी. सटाण्या-मालेगावाकडची माणसं "आहे"ला "शे" म्हणतात, एवढं मला माहीत होतं, कारण कारखान्यांमुळे आमच्या गल्लीत सगळ्या तालुक्यांची माणसं राहतात आणि सगळ्यांची दळणं माझ्याकडेच येतात. तर मला वाटलं, नव्या शेजाऱ्याकडे सटाण्याकडचा पाहुणा आलाय. शेजारधर्म म्हणून मी दोन कप चहा घेऊन गेले. बघते तर शेडमध्ये एकटे देवराम नाना, हातात साखळी धरून उभे.

"पाहुणे कुठं गेले?" मी विचारलं.

"कोण पाहुने?"

"अहो, आत्ता बोलत होते ते."

"इथं मी एकलाच हाय, वहिनी," नाना म्हणाले, आणि दोन्ही कप चहा शांतपणे पिऊन टाकले.

मी म्हटलं, असेल बाई. एकट्या माणसाला काहीतरी चाळा लागतोच. माझ्या मामेसासऱ्यांना पंख्याशी बोलायची सवय होती. पण हे नव्वदच्या दशकातलं म्हणतेय मी, आणि नाना दोन्ही आवाजांत बोलत राहिले ते पार मोबाइल आले तरी.

नानांचा धंदा बोअरमधल्या मोटारी काढण्याचा. शहरातल्या लोकांना वाटतं, बटण दाबलं की पाणी येतं, संपलं. पण बोअरमध्ये खोल पाण्यात मोटार टांगलेली असते. एकाला एक लोखंडी पाइप जोडून त्यांची लांबच लांब माळ खाली सोडलेली असते आणि शेवटाला मोटार. ती जळली की सगळी माळ एकेक पाइप करून वर काढायची. बोअरवर तीन पायांचा लोखंडी घोडा उभा करायचा, त्याला कप्पी, कप्पीला साखळी. साखळीने एक पाइप वर ओढला की बोअरच्या तोंडाशी खालच्या पाइपाला क्लॅम्प आवळायचा. क्लॅम्प म्हणजे लोखंडाचे दोन जबडे, आतून दाते असलेले. आता खालचं सगळं ओझं त्या क्लॅम्पवर. मग साखळी ढिली करायची, वरचा पाइप पान्याने फिरवून सोडवायचा, बाजूला ठेवायचा, की पुढचा.

या कामाला माणसं दोन लागतात. एक साखळीवर, एक क्लॅम्पवर. साखळीवाल्याने विचारायचं, "धरलं का?" क्लॅम्पवाल्याने बोल्ट आवळून, नीट बघून सांगायचं, "धरलं." ते ऐकल्याशिवाय साखळी सोडायची नाही. ऐकायच्या आधी सोडली, की पाइप, मोटार, वायर, सगळं पाताळात. नानांनी हे मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, तेही माझी बाजरी दळायची थांबवून.

बरं, हा नियम बोअरवर ठेवायचा की नाही? छे! नाना तो अख्ख्या जगाला लावायचे. दळणाचा डबा माझ्या हातात देताना, "धरलं का, वहिनी?" मी म्हणायचे, "धरलं." तरी सोडायचे नाहीत. खाली वाकून माझी बोटं बघायचे. "नुसतं वरून धरलंय. बुडाला हात लावा." मी बुडाला हात लावला की मगच डबा माझा. एकदा बसमध्ये कंडक्टरने तिकीट पुढे केलं, तर नानांनी ते चिमटीत पकडून त्यालाच सांगितलं, "धरलं, सोडा." कंडक्टर म्हणाला, "बाबा, तिकीट आहे, तुळई नाही."

सगळ्यात कहर केला तो माझ्या पुतणीच्या लग्नात. अंतरपाटाचं एक टोक धरायला माणूस हवा होता, नाना समोरच होते, कुणीतरी त्यांच्या हातात दिलं. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, अक्षता पडल्या, भटजी पडदा ओढताहेत, आणि नाना सोडेनात. पलीकडच्या टोकाला नवरीचा मामा. त्याला हे विचारताहेत, "धरलं का? अहो मामा, धरलं का?" मामाला बँडात ऐकू येईना. नवरा-नवरी पडद्यावरून टाचा उंचावून एकमेकांना बघताहेत. शेवटी मीच पुढे होऊन नानांच्या कानात ओरडले, "धरलं!" तेव्हा कुठे त्या पोरांचं लग्न लागलं.

हसायचे लोक. मीही हसायचे. पण एक सांगते, आमच्या गल्लीत कुणी गेलं की पहिला निरोप नानांना जायचा. तिरडीला खांदा देताना माणसं बदलतात ना, तेव्हा नाना हळूच विचारायचे, "धरलं का?" आणि नवा माणूस "धरलं" म्हणेपर्यंत खांदा काढायचे नाहीत. माझे सासरे गेले तेव्हा पूर्ण वाट त्यांना जरासुद्धा हिसका बसला नाही, असं आमचे हे आजही सांगतात. त्या दिवसापासून मी नानांच्या दळणाला रांगेत थांबायला लावलं नाही.

नानांचं लग्न झालेलं नव्हतं. मी विचारलं की म्हणायचे, "फिरतीचा धंदा, वहिनी. आज दिंडोरी, उद्या निफाड. बायकोनं काय घोड्याला टेकून बसायचं?" सिन्नरकडचं गाव सुटलेलं, भाऊबंद कधी आले नाहीत. शेडच्या एका कोपऱ्यात खाट, स्टोव्ह आणि पाण्याचा माठ. बाकीच्या भिंतीवर मात्र लहानमोठे क्लॅम्प टांगलेले, आणि प्रत्येकाचा स्वभाव नानांना पाठ. "हा लबाड हाय, ओलं पाइप असलं की सरकतो. ही म्हातारी, दाते झिजलेत, पण कधी दगा नाय दिला." जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून नाना त्यांचे दाते घासत बसायचे. स्वतःच्या तोंडात मिशरीने काळे पडलेले मोजके दात उरलेले. मी म्हणायचे, "नाना, तो ब्रश जरा स्वतःलाही फिरवा." तर म्हणायचे, "माझ्या दातांवर कुनाची मोटार टांगलेली हाय?"

या सगळ्या क्लॅम्पांत त्यांचा जीव अडकला होता तो एकात, आणि तो तयारच होत नव्हता. त्याचं नाव "एकट्याचा क्लॅम्प".

भंगार बाजारातून त्यांनी एक अजब वस्तू उचलून आणली होती. तेलाच्या विहिरी खणतात तिथली, म्हणे. लोखंडाच्या जाड पाचरी, गोल वाकवलेल्या, एकमेकींना बिजागरीने जोडलेल्या, आतून दातेरी. पाइपाभोवती ही माळ टाकली की पाचरी पाइप आणि खालचं कडं यांच्यामध्ये जाऊन बसतात. वजन जितकं खाली ओढेल तितक्या त्या आवळतात. बोल्ट नको, पाना नको. त्या वस्तूला दोन मुठी होत्या. "का, तर जड आसती. दोघांनी दोन मुठी धरून उचलायची अन् टाकायची," नाना म्हणाले. मग त्यांनी हॅकसॉ घेतली आणि त्यातली एक मूठ कापून फळीवर ठेवली.

"आता हिला बारीक करायची, बोअरच्या पाइपाजोगी. पायाखाली पॅडल, पॅडलला तार. साखळीवर उभं राहूनच पॅडल सोडलं की पाचरी आपोआप बसल्या पायजेत. दुसरा मानूसच नको."

"आणि हल्ली काम कसं करता मग?"

"रोजावर कुनाला तरी नेतो. पन ते काय बोलनार अन् मी काय ऐकनार. पळत जाऊन स्वतः बघून येतो, मग सोडतो." म्हणजे साखळी घोड्याला अडकवायची, पळत जाऊन क्लॅम्पला हात लावायचा, पळत परत यायचं. प्रत्येक पाइपाला. या वयात.

त्या एकट्याच्या क्लॅम्पपायी आम्ही काय काय सोसलं! शेडमध्ये नाना पाइप टांगायचे, पाचरी टाकायचे, साखळी सोडायचे. पाचरी नीट बसल्या नाहीत की पाइप धाडकन् खाली, माझी भिंत हादरायची आणि वरच्या फळीवरचं पीठ माझ्या डोक्यावर. गिऱ्हाइकं घाबरायची. सासूबाई म्हणायच्या, "भूकंप झाला गं." मी भिंतीवर लाटणं आपटून ओरडायचे, "नाना, जिवंत आहात ना?" पलीकडून उत्तर यायचं, "सरकला, वहिनी! जरासाच सरकला!" अशी वर्षं गेली. माझा मुलगा दहावी झाला, आयटीआयला गेला, पोटापाण्याला लागला, आणि नानांचा क्लॅम्प आपला जरासाच सरकतोय.

मग एका उन्हाळ्यात माझ्या गिरणीमागच्या बोअरची मोटार जळली. नाना स्वतःहून आले. अंघोळ केलेली, धुतलेला शर्ट, डोक्याला तेल. "वहिनी, तयार झालाय. पहिली मोटार तुमची काढतो. एकटा."

पाइप आत पडले तर बोअरच जायची. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे, दुसरा माणूस बोलवू." पण नाना त्या क्लॅम्पला असं कडेवर घेऊन उभे होते की नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

घोडा उभा राहिला. गल्ली जमली. आमच्या ह्यांनी मदतीला हात पुढे केला तर नाना अंगावर धावून गेले, "कुनी हात लावायचा नाय!" साखळी ओढली, पाइप वर आला, नानांनी पॅडलवरचा पाय काढला. खट्ट करून पाचरी बसल्या. नाना ओरडले, "धरलं का?" मग मान जराशी डावीकडे, बोअरच्या तोंडाकडे वळवली, ओठ आवळले आणि बारीक, नाकातल्या आवाजात म्हणाले, "धरेल शे!" मग सरळ होऊन, "सोडतो रे!" आणि साखळी सोडली.

पाइप जागचा हलला नाही.

लोकांना वाटलं नाना गंमत करताहेत. पोरं हसली, टाळ्या वाजल्या. दर पाइपाला तसंच. "धरलं का?", मान डावीकडे, "धरेल शे!", "सोडतो रे!" ऊन डोक्यावर यायच्या आत माझी मोटार वर आली. एकट्या माणसाने काढली. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा केला, घरात होतं तेवढ्या बेसनाची भजी तळली आणि नानांना खुर्ची दिली.

खुर्चीत बसून, बशीत चहा ओतून नाना म्हणाले, "झालं. आता कुनाची गरज नाय, वहिनी. मानूस खोटं बोलतो. लोखंड नाय बोलत."

"कोण खोटं बोललं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

तेव्हा नानांनी सुकदेवची गोष्ट सांगितली. सुकदेव नामपूरचा. तो आणि नाना तरुणपणापासून जोडीने काम करायचे. नाना साखळीवर, सुकदेव क्लॅम्पवर. दोघं एका ताटात जेवायचे, एका घोंगडीवर झोपायचे, एका बिडीचे दोन भाग करायचे. सुकदेव क्लॅम्पवर असला की नानांना खाली बघावं लागायचं नाही.

"अन् मग निफाडकडं एका मळ्यात, द्राक्षाच्या बागेत," नाना म्हणाले. "मी इचारलं, 'धरलं का?' तो म्हनाला, 'धरेल शे!' ह्या कानांनी ऐकलं, वहिनी. मी साखळी सोडली. अन् गेलं सगळं खाली. जाता जाता क्लॅम्प उसळला तो त्याच्या उजव्या हातावर. दोन बोटं कायमची ताठ झाली. पाना धरता येईना. मी म्हनलं, गड्या, तू धरलं म्हनालास म्हनून मी सोडलं. तर चार लोकांत मला म्हनतो, 'मी म्हनेलच नही!' माझ्या तोंडावर खोटं! मी बी मग बोलायचं ते बोललो. गेला तो नामपूरला निघून. तवापासून तोंड नाय बघितलं."

नानांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. गोष्ट सांगताना त्यांनी सुकदेवचं "धरेल शे" म्हणून दाखवलं, तो आवाज बारीक होता, नाकातला होता, आणि मान डावीकडे वळली होती.

माझं तोंड म्हणजे गिरणी. आत पडलं की दळून बाहेर. मी म्हणाले, "नाना, हा सुकदेवचा आवाज?"

"हां. आसाच बोलायचा."

"मग मघाशी बोअरवर तुम्ही हाच तर काढत होता."

"मी? मी कशाला काढू?"

"अहो, दर पाइपाला!"

नाना हसले. "वहिनी, मला अहिरानी येत नाय."

"तेवढं एक येतं तुम्हाला," मी म्हटलं. "आणि शेडमध्येही रोज म्हणता. मी पहिल्या दिवशी दोन कप चहा कशाला आणला होता, आठवतंय का?"

नानांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे बिचारे खाली बघत म्हणाले, "हो नाना. सगळ्यांनीच ऐकलं. आम्हाला वाटलं, मुद्दाम करताय."

नाना बोअरच्या तोंडाकडे बघत बसले. मग कपबशी माझ्याकडे दिली, आणि पहिल्यांदाच विचारलं नाही. मी अजून हात पुढे करतेय तोवर त्यांनी सोडली. कपबशी फरशीवर पडून फुटली, आणि नाना तिच्याकडे न बघता उठून शेडमध्ये गेले.

त्यांना काय कळलं ते मला तेव्हाच कळलं. निफाडच्या मळ्यात सुकदेव खरंच काही बोलला नव्हता. त्याचे बोल्ट अजून आवळून व्हायचे होते. त्याच्या वतीने नानांनीच म्हटलं होतं, नानांनीच ऐकलं होतं आणि नानांनीच सोडलं होतं. इतकी वर्षं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आवाजात तेच उत्तर यायचं. त्या दिवशी ते यायच्या आधीच नानांना ऐकू आलं. आणि ज्याचा हात निकामी झाला त्यालाच नानांनी चारचौघांत खोटा ठरवला.

त्यानंतर दुपारी वीज गेली की मी भिंतीला कान लावायचे. "धरलं का?" यायचं. पुढे काहीच नाही. साखळीचा आवाज नाही, धाडकन् नाही, काही नाही. एकदा राहवलं नाही म्हणून मी जाऊन डोकावले. पाइप टांगलेला, क्लॅम्प बसलेला, आणि नाना एका हाताने साखळी धरून उभे. दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलेलं. तसे किती वेळ उभे होते देव जाणे. शेवटी त्यांनी पाइप हळूच परत वर घेतला. सोडलाच नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी न बोलता परत आले. वाटलं, कशाला बोललो आपण? दोन आवाजांत का होईना, माणूस सुखात होता. एकट्याला निदान कुणीतरी "शे" म्हणत होतं.

मग एके दिवशी सकाळी नाना धुतलेला शर्ट घालून गिरणीवर आले. "वहिनी, नामपूरला जाऊन येतो," म्हणाले. हातात काही नाही, नुसती पिशवी. मी चटकन बाजरीच्या दोन भाकरी आणि ठेचा बांधून दिला. तेव्हाही त्यांनी विचारलं नाही, पण मीच म्हणाले, "धरलं का, नाना?" ते म्हणाले, "धरलं."

दुसऱ्या दिवशी परत आले. मी गिरणी सोडून पळत गेले.

"भेटला?"

"भेटला. कांद्याच्या मार्केटात असतो. काट्यापाशी."

"मग? काय म्हणालात?"

"मी म्हनलं, सुकदेव, तू म्हनाला नव्हतास."

"आणि तो?"

"तो म्हनला, 'माले माहीत शे.'"

"बस? एवढंच?"

"मग चहा पिलो. मग बस आली."

मला असा राग आला! इतक्या वर्षांचा अबोला, सटाण्यापर्यंत एक बस, पुढे दुसरी, आणि बोलणं काय, तर एवढंसं. बायका असत्या तर दोन दिवस रडल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी एकमेकींच्या साड्या नेसल्या असत्या. मी म्हटलं, "अहो, ये म्हणून तरी सांगितलंत का?" नाना म्हणाले, "कोन्त्या तोंडानं सांगू?" आणि शेडचं दार लोटून घेतलं.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडे वेल्डिंगचा चरचराट सुरू झाला. मी काही विचारलं नाही. आठवड्याने नानांनीच हाक मारली. खाटेवर तो एकट्याचा क्लॅम्प ठेवलेला. नानांनी पॅडल काढून टाकलं होतं, तारही काढून टाकली होती. आणि फळीवर धूळ खात पडलेली ती कापलेली मूठ परत जोडली होती.

"अहो, काय केलंत हे? चांगला एकट्याने चालत होता की!"

"म्हनूनच," नाना म्हणाले.

मी वाकून बघितलं. दोन्ही मुठी सारख्या नव्हत्या. नानांची नेहमीची, सरळ, बारीक. दुसरी जाड केलेली, वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि एका बाजूला जराशी वाकवलेली. मी माझा हात घालून बघितला, मला काही ती नीट धरता येईना. मग नानांनी माझी दोन बोटं सरळ केली आणि उरलेली मुठीवर वळवली. तेव्हा ती हातात बरोबर बसली.

"चहा पिताना बघून घेतला हात त्याचा," नाना म्हणाले. "कप कसा धरतो ते."

मी पदराला हात पुसत गिरणीत आले आणि उगाच कोरडा पट्टा फिरवत बसले. मग संध्याकाळी ह्यांना बसवलं आणि नामपूरला फोन लावायला लावला, मार्केटमधल्या कुणाचा तरी नंबर शोधून. ह्यांनी विचारलं, "काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, देवराम नानांना एक मोटार काढायचीय आणि क्लॅम्पवर माणूस नाही."

कितीतरी दिवस काही निरोप नाही. पाऊस येऊन गेला, नवरात्र झालं. नाना रोज त्या दोन मुठींच्या क्लॅम्पचे दाते घासायचे आणि टांगून ठेवायचे. कामाला जुनेच क्लॅम्प न्यायचे. "धरलं का?" हेही आता ऐकू येत नव्हतं. भिंतीपलीकडे स्टोव्हची भुरभुर आणि माठात बुडणारा पेला, एवढेच आवाज. मला ती शांतता सोसेना. वीज गेली की मी रेडिओ लावायचे.

दिवाळी झाली, आणि एके दिवशी भर दुपारी एक म्हातारा गिरणीसमोर उभा राहिला. डोक्याला टोपी, खांद्यावर कांद्याची पिशवी, उजवा हात कोटाच्या खिशात. "देवरामनं घर कोठे शे?" त्याने विचारलं.

आवाज बारीक होता. नाकातला होता. मी नुसतं शेडकडे बोट दाखवलं.

भिंतीपलीकडे मोठंसं काही झालं नाही. कुणी रडलं नाही, ओरडलं नाही. खाट कुरकुरली. स्टोव्ह पेटला. पुष्कळ वेळाने साखळीचा आवाज आला. मी गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा थांबला.

"अहो वहिनी, माझे गहू अर्धे राहिलेत," रांगेतली बाई म्हणाली. मी तिला हाताने गप्प केलं.

"धरलं का?" नानांचा आवाज. घोगरा, पण कापरा.

उत्तर नाही.

मी भिंतीला कान लावला. साखळी वाजत नव्हती. नाना सोडत नव्हते. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, पुन्हा आला. कुणीतरी मूठ हातात बसवत होतं.

"थांब रे देवराम," तो बारीक आवाज म्हणाला. "आजून नही."

इतकी वर्षं मी त्या भिंतीमागचा बारीक आवाज ऐकत आले होते. त्याने असं कधीच म्हटलं नव्हतं. विचारल्या विचारल्या "धरेल शे", एवढंच त्याला येत होतं. माझे डोळे भरून आले. पलीकडे नाना थांबले होते, साखळी घट्ट धरून.

"अहो, गिरणी चालू करा ना," बाई वैतागली. "काय झालंय तरी काय?"

"थांबा हो जरा," मी म्हटलं. "त्याचं अजून धरून व्हायचंय."